2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नेमकं खटकण्यासारखं काय होतं?

12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, ही घोषणा सगळ्यांच्या लक्षात राहिली. माझ्याही, पगारदार आहे ना! त्यापायी सरकारनं सुमारे 1 लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडलं. त्याला माझी हरकत नाही. पण त्याच अर्थसंकल्पात मनरेगाला, म्हणजे खेड्यांतल्या रोजगार हमी योजनेला, 86,000 कोटी, म्हणजे आदल्या वर्षीइतकेच. महागाई धरली तर ही कपातच झाली.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वृद्धांचं निवृत्तिवेतन. दारिद्र्यरेषेखालच्या 60 ते 79 वयाच्या माणसाला केंद्राकडून महिन्याला 200 रुपये मिळतात. कित्येक वर्षं हा आकडा जागचा हललेला नाही. किलोभर तूरडाळ आणि थोडी चहा-साखर घेतली की संपले. आपल्याकडे महाराष्ट्रात वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत हातात 1500 पडतात, पण त्यातले 1300 राज्य सरकारचे. अशा साऱ्या साहाय्य योजनांना मिळून केंद्रानं ठेवले 9,652 कोटी.

'पैसाच नाही' हे उत्तर निम्मं खरं आहे. 50.65 लाख कोटींच्या खर्चातले 12.76 लाख कोटी नुसत्या व्याजात जातात, म्हणजे रुपयातले चार आणे. शिवाय वित्तीय तूट, म्हणजे उधारीतून भागवायचा खर्च, जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) 4.4 टक्क्यांवर आणायची होती. कात्री कुठेतरी लागणारच होती, मान्य. पण 1 लाख कोटी करदात्यांसाठी निघतात आणि 200 चे 400 करायची वेळ आली की तिजोरीची आठवण होते, हे मला पटत नाही. करदाता टीव्हीसमोर बसून भाषण ऐकतो. ती म्हातारी बँकेच्या रांगेत असते.