टोमॅटोची फुलं गळतायत, हार्मोन मारू का?

प्रश्न: गच्चीवर कुंड्यांमध्ये टोमॅटो लावलेत, एप्रिलपासून फुलं भरपूर येतात पण देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून टपाटप गळतात. दुकानदार म्हणतो हार्मोनचा स्प्रे मारा. मारू का? – एक वाचक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर: ताई, ती गाठ नीट बघा, सगळा खेळ तिथेच चालतो. फुलातून ऑक्सिन (झाडाचं वाढीचं हार्मोन) देठात येत असतं तोवर गाठ इथिलीनला (फुलं-पानं गळवणाऱ्या हार्मोनला) दाद देत नाही, ते आटलं की इथिलीनचं फावतं, गाठीतल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फूल खाली. परागण झालं तर मात्र अंडाशयात ऑक्सिन वाढतं, ते जिबरेलिन (वाढीचं आणखी एक हार्मोन) बनवायला लावतं आणि दोघं मिळून फळ धरतात. आता इंदुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास, एवढ्या उन्हात परागकणच धड तयार होत नाहीत मग पुढचं सगळंच अडतं. दुकानातला स्प्रे बहुधा ऑक्सिनसारखाच असतो, त्याने फळ धरेलही, पण डोस जास्त झाला तर झाड उलट इथिलीनच जास्त बनवतं (हे दुकानदार कशाला सांगेल!). त्यापेक्षा दुपारची हिरवी नेट बांधा, सकाळी फुलांच्या झुपक्याला हलकी टिचकी मारा म्हणजे पराग झडतो, आणि युरिया जरा हात आखडूनच.