वाचकांचे प्रश्न : श्रमदान, पण दुसऱ्याच्या घरात

प्रश्न : आमच्या गावातील एका शेतमजूर कुटुंबातील कर्ता पुरुष वारला. मागे पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई आहे. घराचा पार उकिरडा झाला असून छपराचे कवेलूही ठिकठिकाणी फुटले आहेत. आमच्या मंडळाला पावसाळ्यापूर्वी ते घर स्वच्छ करून द्यायचे आहे. सुनेची हरकत नाही, परंतु म्हातारी एकही वस्तू बाहेर काढू देत नाही. काय करावे?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : गाडगेबाबांच्या मुलखात रस्ता झाडायला कोणाची परवानगी लागत नाही, दुसऱ्याचा उंबरठा ओलांडताना मात्र ती लागते. म्हातारीच्या नकाराला हट्ट समजू नका. त्या गाठोड्यांत तिच्या मुलाचे कपडे असतील. गावातल्या एखाद्या वयस्कर बाईला आधी तिच्याजवळ नुसते बसायला पाठवा. कामाच्या दिवशी म्हातारीची बाज सावलीत अंगणात आणा, समोर ताडपत्री अंथरा आणि तिला व सुनेला दाखवल्याशिवाय काहीही फेकू नका. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक असे कागद सापडतील तसे एका डब्यात ठेवा. सुनेला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा झाल्यास ते लागतील.

माळ्यावर फवारणीच्या औषधाचे अर्धवट डबे असण्याचा संभव आहे. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने माणसे दगावली होती, तेव्हा हे डबे मुलांच्या हाती लागू देऊ नका, जाळू नका आणि धुऊन पाण्यासाठी तर मुळीच देऊ नका. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून त्यांची विल्हेवाट लावा. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, हातमोजे घालून उचलाव्यात. पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) ढीग आधी काठीने हलवावा, कारण विंचू आणि मण्यार तिथेच दडतात.

सारवण शेवटी. छप्पर गळत असताना भुई सारवणे म्हणजे शेण आणि मेहनत दोन्ही वाया घालवणे होय. कवेलू फेरणारा जाणकार माणूस सोबत घ्या. हौशी पोरे छपरावर चढली की धड कवेलूही फुटतात. मे महिन्यातील ऊन पाहता काम सकाळीच उरकावे.

घरातले फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. त्या मुलांना उद्या शाळेत जायचे आहे. वर्गणी काढण्यापूर्वी मात्र घरकुलाच्या यादीत या कुटुंबाचे नाव आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या, म्हणजे जुन्या छपरावर किती पैसा घालायचा, ते ठरवता येईल.