डायल-अप आणि घरचा फोन

डायल-अप, म्हणजे घरच्या फोनच्याच लाइनवरून चालणारं नेट नवीन घेतलंयस, तर आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये विचार की तुझ्या लाइनवर कॉल वेटिंग चालू आहे का. चालू असेल तर देवासहून मावशीचा फोन आला की लाइनीवर टूं वाजतं, मोडेमला (कॉम्प्युटर फोनलाइनशी जोडणाऱ्या यंत्राला) सिग्नल तुटल्यासारखा वाटतो आणि कनेक्शन पडतं. कनेक्शन तगलंच, तरी मावशीला नुसती रिंग ऐकू येते आणि ती समजते, घरी कुणी नाही. त्यापेक्षा एंगेज टोन बरा. निदान घरात माणसं आहेत हे कळतं. म्हणून मी तरी सांगेन, बंदच करून घे.

ते जमेपर्यंत एक उपाय आहे. कॉम्प्युटरवर मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जादा कमांडची जागा असते, तिथे एटीएस१०=५० (ATS10=50) टाक. इथे ५० म्हणजे सेकंदाचे पन्नास दशांश, पाच सेकंद; सिग्नल गेला तरी मोडेम तेवढा वेळ थांबतो, लगेच लाइन सोडत नाही. दर वेळी साधेलच असं नाही, पण बऱ्याचदा साधतं. व्ही.९२ प्रकारच्या मोडेममध्ये नेट होल्डवर ठेवून फोन घेता येतो, मात्र नेट देणाऱ्या कंपनीकडेही ती सोय हवी.

आणि वरच्या मजल्यावरचा, त्याच लाइनला जोडलेला पॅरलल फोन! आजीने रिसीव्हर उचलला की अर्धी उतरलेली फाइल गेली. कनेक्ट करण्याआधी जिन्यातून हाक मारायची, "नेट लावतोय गं आजी!" काम झालं की परत सांगायचं, हे विसरू नकोस, ती तिष्ठत बसते.

मेल ऑफलाइन लिही, मग जोड, पाठव, तोड. घरात कुणी आजारी असेल त्या दिवशी मात्र लाइन मोकळीच ठेव.