टॉमकॅट पुरेल की मोठा सर्व्हर घेऊ?

प्रश्न : नमस्कार सर, सांगलीच्या एका वाचनालयाची वेबसाइट करतोय. पुस्तक शोधणं, सभासद, वर्गणी एवढंच. जेएसपी, सर्व्हलेट (जावातून वेब पानं तयार करायच्या पद्धती) आणि मायएसक्यूएल डेटाबेस, टॉमकॅट ९ या जावा सर्व्हरवर. रोज सकाळी पहिल्यांदा साइट उघडली की डेटाबेसचा एरर येतो, टॉमकॅट रिस्टार्ट केला की दिवसभर व्यवस्थित. डेटाबेसचं कनेक्शन एका क्लासमधे स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांसाठी एकच, ठेवलंय. मित्र म्हणतो टॉमकॅट डेटाबेससाठी नाहीच, वाइल्डफ्लाय किंवा वेबलॉजिकसारखा मोठा सर्व्हर घे. काय करू?

उत्तर : सर्व्हर बदलू नका. बदललात तरी उद्या सकाळी हाच एरर येणार, कारण दुखणं त्या स्टॅटिक कनेक्शनमधे आहे. मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन ८ तासांनी स्वतःच तोडतं, वेट टाइमआउट २८८०० सेकंद हीच मूळ सेटिंग असते, आणि वाचनालय रात्री ८ ला बंद होऊन सकाळी ८ ला उघडतं म्हणजे १२ तास झाले की हो! तुमचा कोड मात्र तेच मेलेलं कनेक्शन धरून बसलेला असतो. याहून वाईट म्हणजे सगळे सभासद त्या एकाच कनेक्शनवर, त्यामुळे एकाची वर्गणी अर्धवट नोंदली जात असताना दुसऱ्याच्या कमिटने (नोंद कायम करायच्या आज्ञेने) ती तशीच पक्की होऊ शकते. पैशाचा मामला आहे, हे आजच काढा.

टॉमकॅटमधे कनेक्शन पूल, म्हणजे वापरून परत ठेवायच्या तयार कनेक्शनचा साठा, आयता मिळतो. कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमधे डेटासोर्स (डेटाबेसचा पत्ता आणि पूलची सेटिंग) लिहायचा, मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरची जार फाइल टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमधे टाकायची (अ‍ॅपच्या लिबमधे टाकून तासन्‌तास डोकं धरून बसलेले खूप जण बघितलेत) आणि कोडमधून जेएनडीआयने (नावावरून गोष्ट शोधून देणारी जावाची सोय) कनेक्शन मागायचं. हा पूल कनेक्शन हातात देण्याआधी जिवंत आहे का ते तपासतो, सकाळचा एरर तिथेच संपला.

फक्त घेतलेलं कनेक्शन परत करा. पूलमधे मुळात ८ च असतात. एका क्लायंटच्या साइटवर शोधाचं पान आठ वेळा झटपट उघडायचं आणि नवव्यांदा नुसतं गोल फिरत राहायचं, ना एरर ना काही, कारण क्लोज (कनेक्शन परत करणं) विसरलेला आणि थांबायला मर्यादाच नव्हती. ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम संपलं की आपोआप क्लोज करणारी जावाची रचना) वापरा आणि मॅक्स वेट, म्हणजे थांबायची मर्यादा, १० सेकंद द्या. घाबरून पूल २०० चा मात्र करू नका, मायएसक्यूएल मुळात १५१ च कनेक्शन घेतं, आणि तुम्हाला १०-१५ भरपूर होतील.

मित्र अगदीच चुकीचा नाही. ईजेबी (सर्व्हरने सांभाळायचे जावाचे घटक) लागणार असेल, किंवा एकाच व्यवहारात दोन डेटाबेसमधे नोंद करायची असेल, तर वाइल्डफ्लायसारख्या पूर्ण सर्व्हरमधे ते आयतं येतं आणि वाइल्डफ्लाय फुकटही आहे. वेबलॉजिक ओरॅकलचं, लायसन्सचे पैसे पडतात, वाचनालयाने तो खर्च कशाला करायचा?

टॉमकॅट १० वर जायचं झालं तर जपून, तिथे जावाएक्सची पॅकेजेस (सर्व्हलेटसारख्या तयार कोडचे गट) जकार्ता नावाने आली आहेत, त्यामुळे तुमची जुनी वॉर फाइल (अख्ख्या अ‍ॅपची एक फाइल) थेट चालणार नाही. ती वेबअ‍ॅप्स-जावाईई नावाच्या फोल्डरमधे टाकलीत तर टॉमकॅट स्वतः बदलून घेतो, पण आधी पूलचं काम उरका.