तूप नको, केळी चालतील!

प्रश्न : मुलगी ऑक्टोबरात शिकायला जर्मनीला चाललीय. सोबत साजूक तूप, काळा मसाला, बामणोदची भरताची वांगी द्यावीत का? तिथलं आणखी काय सांगावं?
– एक आई, यावल

उत्तर : ताई, तूप बॅगेतून काढाच. दूध-मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशातून तिथे नेता येत नाहीत; पेढेही त्यातच आले. वांग्यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. केळ्यांना मात्र लागत नाही! (केळी पिकवणाऱ्या यावल-रावेरकरांनी कॉलर ताठ करावी.) काळा मसाला द्या, पण दोन पिशव्यांत घट्ट बांधून, माझे स्वेटर वर्षभर घमघमत होते.

मी जर्मनीत ड्रेस्डेनला होते. पहिल्याच महिन्यात भरताची हुक्की आली. तुरकाठ्यांचा जाळ कुठला, वांगं विजेच्या शेगडीवरच ठेवलं. साल करपली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा किंचाळला की शेजारच्या आजी गाऊनवरच दारात. त्यांना भाकरीवर भरीत दिलं. एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी, मग पाणी मागितलं. पुढे ओव्हनमध्ये भाजू लागले. चव निम्मीच.

रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-पाव शनिवारीच आणायचं. रविवारी मिक्सरवर ठेचाही वाटू नये, शेजारी बोलतात. आणि प्लास्टिकच्या बाटल्या फेकू नका म्हणावं. बहुतेक बाटल्यांवर 25 सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती रक्कम परत मिळते. मी दोन महिने कचऱ्यात टाकत होते, बावळटासारखी.