भुसावळजवळ आमच्या पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक मंडळीच्या) पोरांनी मतमाउलीचं, म्हणजे मारिया मातेचं, ग्रोटो (गुहेसारखं देवस्थान) बांधलं तर त्याला तीर्थस्थान म्हणता येईल का?

ग्रोटो बांधा, पण 'तीर्थस्थान' असा बोर्ड लगेच लावू नका. चर्चच्या कायद्यात (कॅनन १२३०) दोन गोष्टी लागतात: लोक भक्तीने तिथं यात्रेला येत असावेत आणि धर्मप्रांताचे प्रमुख असलेल्या बिशपांची मान्यता असावी. म्हणजे आधी माणसं, मग नाव. खान्देश नाशिक धर्मप्रांतात येतो, त्यामुळे अर्ज फादरांमार्फत नाशिकलाच जाईल. श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची यात्राही याच धर्मप्रांतातली. तिथल्या व्यवस्थापनातल्या लोकांना एकदा भेटून या. पाणी, पार्किंग, संडास यांचं खरं गणित तिथं कळतं.

सगळ्यात आधी जागेचा सातबारा बघा. कोणी भाविक तोंडी 'घ्या माझा बांधावरचा तुकडा' म्हणतो, उद्या त्याची पोरं वाटणी मागतात. मूर्ती बसवण्याआधी जागा रीतसर धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या नावावर झालीच पाहिजे. यात भिडस्तपणा नको.

यात्रेच्या तारखेचं माझं मत: ८ सप्टेंबर, म्हणजे मारियेचा जन्मदिन, सगळीकडे चालतो, पण तेव्हा आपल्या काळ्या मातीत चप्पल रुतून बसते. ग्रोटो लूर्दमातेचं (फ्रान्समधल्या लूर्दच्या मारियेचं) असेल तर तिच्या सणाचा ११ फेब्रुवारी घ्या, हवा छान असते. मे महिन्याचं तर नावच काढू नका. भुसावळच्या उन्हात मेणबत्त्या पेटवायच्या आधीच माना टाकतात. मेणबत्त्यांसाठी वाळूचा ट्रे आणि वर पत्र्याचं छप्पर पहिल्याच खर्चात धरा, रोषणाई नंतर बघू.