आधी किती, मग कोणतं

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या मधुमेहाच्या पेशंटने भात सोडला, पोळी सोडली, दोन्ही वेळा फक्त ज्वारीची भाकरी खातो आणि तरी जेवणानंतरची शुगर २४०. तुझे सिनिअर म्हणतात तो खोटं बोलतोय. मोबाइलवरचे एक डॉक्टर म्हणतात धान्य म्हणजे विषच, दुसरे म्हणतात नाचणी खा आणि निर्धास्त राहा. या गदारोळात तू विचारतेस, की कर्बोदकांबद्दल माणसाला नेमकं सांगायचं तरी काय.

तो खोटं बोलत नाहीये. ‘ज्वारीची भाकरी’ ऐकून तू समाधानाने मान डोलावलीस आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाहीस. भाकरी केवढी? किती?

हिशेब करू. तव्याएवढ्या भाकरीला सहज ७५ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. फुलक्याला २५ ग्रॅम कणीक, म्हणजे १७ ग्रॅम कर्बोदकं. एक भाकरी म्हणजे तीन फुलके झाले. पूर्वी तो चार फुलके आणि वाटीभर भात खायचा असं तूच लिहिलं आहेस. चार फुलक्यांचे ६८ आणि भाताचे ३०, मिळून ९८ ग्रॅम. आता दोन भाकऱ्या, म्हणजे १००. माणसाने आवडता भात सोडला, घरच्यांनी रोज भाकऱ्या थापल्या, आणि ताटातली कर्बोदकं दोन ग्रॅमने वाढली. मग शुगर कशाला हलेल?

म्हणून आधी किती ते विचार, मग कोणतं ते बोल. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

कोणतं धान्य याला काही अर्थ नाही असं मी म्हणत नाही. पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅममागे तंतू (फायबर) ३ ग्रॅमच्या आत असतात, ज्वारीत १० च्या आसपास. फरक खरा आहे, आणि ज्वारी सुचवणारे डॉक्टर चुकले नाहीत. पण हा फरक प्रमाण ठरल्यानंतर कामाला येतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचा आहारावरचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांच्या रोजच्या ऊर्जेपैकी साधारण ६२ टक्के कर्बोदकांतून येते, असं त्यात दिसलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मैदा-पांढऱ्या तांदळाच्या जागी अख्ख्या गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ नुसतं बदलून घातल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कर्बोदकं घटवून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिनं आली तेव्हा फरक दिसला. तुझ्या पेशंटचं कोडं यात सुटतं.

आता ६२ टक्के हा आकडा पेशंटसमोर उच्चारू नकोस. तो तुझ्यासाठी आहे. १६०० कॅलरी खाणाऱ्या माणसाचे ६२ टक्के म्हणजे २४८ ग्रॅम कर्बोदकं, आणि ५० टक्के म्हणजे २००. मधला फरक ४८ ग्रॅम. एक भाकरी! दिवसातून एक भाकरी कमी करायची आणि तिच्या जागी काय येणार हे ठरवायचं, एवढंच तुझं काम आहे. ‘कार्ब्ज कमी करा’ म्हटलंस तर त्याला काही कळणार नाही. ‘दुपारी दोनऐवजी दीड, रात्री दोनऐवजी दीड, आणि दोन्ही वेळा ताकाची वाटी व जास्तीची भाजी’ म्हटलंस तर वाढणारीलाही कळेल.

उसळीबद्दल सावध राहा. ती भाजीच्या जागी धरू नकोस. ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या किंवा मुगाच्या उसळीत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, पण १५-१७ ग्रॅम कर्बोदकंही येतात. दोन्ही वेळा उसळ वाढवायची तर दिवसातली अर्धी-पाऊण भाकरी आणखी कमी झाली पाहिजे, नाहीतर तुझा हिशेब जागच्या जागी. आणि बटाट्याची भाजी धान्याच्या खात्यात जाते, भाजीच्या नाही.

प्रमाण काढायचं कसं? ‘किती खाता’ विचारलंस की उत्तर येतं, ‘फार नाही हो मॅडम.’ ते उत्तर लिहून घेऊ नकोस. एका वेळच्या भाकऱ्यांसाठी परातीत जेवढं पीठ घेतात तेवढंच पिशवीत भरून आणायला सांग. काट्यावर ठेव, भाकऱ्यांच्या संख्येने भाग. पोळीचं असेल तर मळलेल्या कणकेचा एक गोळा डब्यात आणायला सांग. गोळ्यात पाणी धरलेलं असतं, ४० ग्रॅमच्या गोळ्यात साधारण २५ ग्रॅम कणीक निघते. फुलका आणि घडीची पोळी एक समजू नकोस. घडीच्या पोळीत ३५-४० ग्रॅम कणीक जाते, वर तेल. चार्टवर नुसतं ‘पोळी – २’ लिहिणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

भाताला वाटी विचार, पण वाटी केवढी तेही विचार. १५० मिलीच्या सपाट वाटीत १०० ग्रॅमच्या आसपास शिजलेला भात बसतो, २८-३० ग्रॅम कर्बोदकं. मूद दाबून घातली की त्याच वाटीत दीडपट मावतो. कोकणातल्या घरात तर वाटी नसतेच, भातवाढीने वाढतात. तिथे महिन्याचा तांदूळ विचार. चार माणसांना महिन्याला १५ किलो लागत असेल तर माणशी रोज १२५ ग्रॅम, म्हणजे ९७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं एकट्या भातातून. साखरेलाही हीच युक्ती: चौघांना महिन्याला ५ किलो म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर. किराण्याची यादी अंदाजापेक्षा खरी असते. पाहुणे-रावळे आणि डबे वजा करायला मात्र विसरू नकोस.

भात खाणाऱ्याला भात सोडा म्हणू नकोस. मालवण-रत्नागिरीच्या माणसाचा भात काढलास तर तो आठ दिवस ऐकेल आणि नवव्या दिवशी तुझ्याकडे यायचंच बंद करेल. भात अर्धा कर, माशाची तुकडी आणि भाजी वाढव. तसंच सोलापूरकडच्या माणसाची भाकरी, खानदेशातली कळण्याची भाकरी. जे खातो ते राहू दे. किती, ते बदल.

आपल्या ताटात कोशिंबीर डावीकडे चमचाभर असते. ती वाटीभर व्हायला हवी. काकडी, गाजर, मुळा, कोबी, काहीही. आधी ती आणि भाजी खायची, मग भाकरी, भात शेवटी. या क्रमाने जेवल्यावर शुगरची उसळी कमी राहते हे प्रयोगांत दिसलं आहे. पण लोक हे ऐकून भात वाढवतात, म्हणून आधी प्रमाण ठरव आणि मगच क्रम सांग.

काही ठिकाणी ‘कोणतं’च्या नादात माणसं हमखास फसतात. उपवास घे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची खिचडी आणि त्यात बटाटा, की ६० ग्रॅम झालेच. दुपारी वरई, रात्री रताळं. ज्याला लोक ‘आज काही खाल्लं नाही’ म्हणतात तो दिवस जास्त कर्बोदकांचा निघतो. आषाढी, श्रावण आणि नवरात्र यांच्या आधीच्या भेटीत हे बोल, नंतरच्या नाही. उलट काही जण खरोखर निर्जळी करतात आणि गोळी मात्र घेतात. त्यांचं वेगळं, खाली लिहिते.

गूळ. साखर बंद केली, गूळ चालू केला, असं सांगणारे रोज भेटतील. शुगरच्या बाबतीत दोन्ही सारखेच. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा: ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २००० कॅलरीच्या आहारात साखरेची घातलेली वरची मर्यादा तेवढीच आहे, आणि ती एकट्या चहाने गाठली. ‘शुगर फ्री’ बिस्किटांत साखर नसते, मैदा असतो. नाचणीचं सत्त्व बारीक दळलेलं, शिजवून पातळ केलेलं, घटाघटा पिता येणारं असतं. ते भाकरीपेक्षा लवकर शुगर चढवतं. हापूस मात्र बंद करू नकोस बाई. १०० ग्रॅम गरात १५-१७ ग्रॅम कर्बोदकं, मध्यम आंबा म्हणजे साधारण एक-सव्वा फुलका. फुलका काढायचा, आंबा चिरून खायचा. आमरस आणि पुऱ्या हे मात्र वेगळं प्रकरण.

आता दुसरी बाजू, इथे हयगय चालणार नाही. कुणाचीही भाकरी कमी करण्याआधी औषधांची चिठ्ठी बघ. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल आणि तू कर्बोदकं एकदम घटवलीस, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोल. निर्जळी उपवासवाल्यांना हाच धोका. घाम, थरथर, धडधड, चिडचिड ही लक्षणं पेशंटला आणि घरच्यांना सांगून ठेव. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे वेळ जातो. आणि चिठ्ठीत व्होग्लिबोस किंवा अकार्बोज असेल तर साखर चालणार नाही. ही औषधं साखर फुटण्याची क्रिया मंदावतात, म्हणून ग्लुकोजच हवं. इथेही किती आणि कोणतं, दोन्ही लागतं, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस व्हिडिओ बघून कीटो डाएट, म्हणजे जवळजवळ बिनकर्बोदकांचं जेवण, करायला लागला, तर शुगर फार चढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून तो आयसीयूत जाऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप. ग्लुकोमीटरवर १८० दिसतं म्हणून घरचे निवांत बसतात. ‘शून्य कार्ब’वाल्या प्रत्येकाला चिठ्ठी विचार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढाला दिवसाला १३० ग्रॅम कर्बोदकं आहेत, गरोदर बाईला १७५. गरोदरपणातल्या मधुमेहात घाबरून जेवण तोडणाऱ्या मुली येतील, त्यांना हा आकडा आवर्जून सांग. ऊसतोड करणाऱ्याला, टीबीच्या हडकलेल्या पेशंटला ऑफिसात बसणाऱ्या माणसाचा चार्ट देऊ नकोस. त्यांच्या बाबतीत ‘किती’चं उत्तर ‘जास्त’ असू शकतं. हे तत्त्व भाकऱ्या कापण्यासाठीच आहे असा समज करून घेऊ नकोस.

तपासणीचंही सांगते, कारण चुकीच्या आकड्यावर बरोबर सल्ला देता येत नाही. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. तपासणीच्या दिवशी लोक गोळी टाळतात, किंवा शहाण्यासारखं अर्धंच जेवतात. रोजचं जेवण, रोजची गोळी, असं बजाव. शक्य असेल तर एकाच जेवणाच्या आधी आणि नंतर अशी जोडी घे. जेवणाआधीच १९० असेल आणि नंतर २४०, तर दोष त्या जेवणातल्या भाकरीपेक्षा सकाळच्या उपाशी शुगरकडे आणि औषधाकडे जातो. जेवणाआधी १२० आणि नंतर २४० असेल तर ताट तपास. तुझ्या पेशंटचा जेवणाआधीचा आकडा पत्रात नाही. तो का नाही?

आणि शेवटी ‘कळलं का?’ विचारू नकोस. आपल्याकडे सगळे ‘हो’ म्हणतात. ‘घरी गेल्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना काय सांगाल, ते आधी मला सांगा’ असं म्हण. तो ‘मॅडम म्हणाल्या भाकरी चांगली’ एवढंच म्हणाला तर तुझं सांगणं फुकट गेलं, पुन्हा सुरू कर. शक्यतो स्वयंपाक करणारी व्यक्तीच समोर बसव. एका भेटीत एकच बदल. दहा सूचना दिल्यास की त्याला अकरावी आठवते, ती म्हणजे कारल्याचा रस.

या सगळ्याला वेळ लागतो, रांग खोळंबते, सिनिअर घड्याळ दाखवतात. मला हे ऐकून घ्यायची सवय झाली आहे, तुलाही होईल. छापील चार्ट एका मिनिटात देता येतो, पण तोच माणूस तीन महिन्यांनी तसाच एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) घेऊन परत येतो आणि मग त्याच्यासाठी खरा वेळ जातो. हे मी तुझ्या सिनिअरांसमोरही म्हणायला तयार आहे.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाच किलोचा स्वयंपाकघरातला काटा घे. १५० आणि २०० मिलीच्या दोन स्टीलच्या वाट्या घे, तळाला खुणा कर. भातवाढी आणि पळी एकेक. काट्याचे जास्तीचे सेल ड्रॉवरमध्ये ठेव. पुढच्या पत्रात त्या भाकरीचं पीठ किती भरलं, जेवणाआधीचा आकडा आणि औषधांची चिठ्ठी, हे तिन्ही लिही. त्याशिवाय मला काही विचारू नकोस.

तुझी,
ताई